एकाच चुलीचा धूर

खडकवाडीत एक चेष्टा चालायची: केशरबाईच्या हातची भाकरी खायची असेल, तर घरातलं कोणीतरी मरावं लागतं. चेष्टा वाईट होती, पण खोटी नव्हती. जिवंत माणसाशी केशरबाईचं पटायचंच नाही. बांधावरून, बोअरच्या पाण्यावरून, शेळीने तोंड घातलेल्या वालाच्या वेलावरून, कशावरूनही तिचं तोंड सुटायचं. आणि एकदा सुटलं की समोरच्याच्या सात पिढ्यांची उजळणी झाल्याशिवाय मिटायचं नाही. शेजारची झुंबरबाई आणि ती भिंतीला भिंत लावून राहायच्या. त्या दोघींनी एका कोंबडीपायी सबंध उन्हाळा अबोला धरला होता. ती कोंबडी तोवर तिसऱ्याच घरात शिजून गेली होती, ती गोष्ट वेगळी.

पण गावात कोणाकडे मयत झालं, की हीच केशरबाई सगळं भांडण खुंटीला टांगायची आणि पिठाच्या डब्याला हात घालायची. खडकवाडीची रीत जुनी होती. मयताच्या दिवशी साऱ्या गावाने चूल बंद ठेवायची. दुःखातल्या घराला पहिला कडू घास जे घर नेणार, त्या एका घराने तेवढी पेटवायची. पूर्वी हे काम भावकीतलं कोणी ना कोणी करायचं. मच्छिंद्राशी लग्न होऊन केशरबाई या गावात आली, आणि दोनतीन वर्षांत ते काम आपसूक तिच्याकडे आलं. मच्छिंद्राचा आजा पोटामागे या गावी आलेला. त्यांची भावकी इथे कोणी नव्हती, म्हणून असेल, पण केशरबाईने सगळ्या गावालाच भावकी करून टाकलं. कोणाकडेही मयत होवो, संध्याकाळी गावावर एकच धूर दिसायचा, आणि तो तिच्या घरावरचा.

याच्यामागे कारण होतं. तिचं माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या अंगाला. ती लहान असताना बाप गेला तेव्हा घर शेतात होतं, नदीला पाणी होतं, आणि गावातून त्यांच्यापर्यंत कोणी पोचलं नाही. आई भिंतीला टेकून बसलेली. तिने आणि भावाने कच्चं पीठ पाण्यात कालवून खाल्लं. बापाचा चेहरा तिला पुढे नीट आठवेना, पण त्या पिठाचा चिकटपणा टाळूला बसला तो बसलाच.

म्हणून तिचा नेम ठरलेला. कोण गेलं, कसं गेलं, हे ती विचारत बसायची नाही. "आधी भाकरी, मंग चौकशी," म्हणायची. "चौकशी करायला ढीगभर माणसं असत्यात. पीठ मळायला कोणी नसतं." टोपलं डोक्यावर घेऊन निघायची, बाहेर पडल्यावर घर कोणतं ते कळायचंच. तिथे जाऊन रडणाऱ्या बाईपुढे ती बसकण मारायची, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिच्या तोंडापाशी न्यायची. नाही नाही म्हणणाऱ्या माणसाला ती एकच सांगायची, "आधी घास, मंग रडणं. उपाशी माणसाला रडता बी येत न्हाई." आणि खरंच, घास पोटात गेल्यावर बाया मोकळ्या रडायच्या.

तिचा एकुलता एक मुलगा वसंता लहानपणी पाण्याची कळशी घेऊन तिच्या मागून चालायचा. पोरगं जरा आगाऊच. एकदा परत येताना त्याने विचारलं होतं, "माय, आपल्या घरी कोणी मेलं तर भाकरी कोण आणंल? तुझं तर कोणासंगं बोलणंच न्हाई." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "थू म्हन आधी. थू म्हन!" तो थू म्हणाला होता, आणि घर येईपर्यंत हसत होता.

हा वसंता मोठा झाला आणि फौजेत गेला. ताडमाड वाढला होता, पण मिशी मात्र शेवटपर्यंत धड आली नाही, त्यावरून मित्र त्याला छळायचे. शेवटच्या सुट्टीत आला तो तुरीच्या शेंगांच्या दिवसांत. आईला म्हणाला, तिकडच्या बर्फात तुझ्या पिठल्याचा वास आठवला की नाक गरम होतं. केशरबाई म्हणाली, मंग सून आणू, ती करून डब्यात घालून देईल. तो लाजला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मळ्यात जाऊन दिवसभर पाणी दिलं. त्या मे महिन्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं.

गावात टीव्ही होता तो सर्जेराव पोलीस पाटलाकडे. संध्याकाळी मच्छिंद्र तिथे बातम्या बघायला जायचा, आणि घरी येऊन बायकोला सांगायचा की सगळं बराबर हाय. डोंगर कसला, किती उंच, गोळी कुठून येते, हे काही सांगायचा नाही. केशरबाई विचारायचीही नाही. तिने एवढंच केलं, की त्या दिवसांत भांडण कमी केलं. कोणाचा तळतळाट नको, म्हणून.

जुलैत, पेरण्या उरकून कपाशीची खुरपणी चालली होती तेव्हा, एका दुपारी भोकरदनहून पोलिसांची जीप आली ती थेट सर्जेरावाच्या दारात. वसंता गेला होता. आदल्या पहाटे, वर चढताना. पेटी दिल्लीवरून औरंगाबादला आणि तिथून गावाला यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

मच्छिंद्राला बोलावून घेतलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष सर्जेरावाच्या दारातल्या चपलांकडे होतं. त्याने खाली वाकून एक उलटी पडलेली चप्पल सुलटी केली. मग म्हणाला, "तिला कसं सांगावं?"

यावर गावातल्या शहाण्या माणसांची बैठक बसली. खेड्यातली शहाणी माणसं एकत्र बसली, की काहीतरी अघटित ठरवल्याशिवाय उठत नाहीत. ठरलं ते असं, की पेटी दारात येईपर्यंत केशरबाईला कळू द्यायचं नाही. समोर काही नसताना ती बाई दोन-तीन दिवस कशाला धरून बसेल? जीव देईल. मच्छिंद्राने मान हलवली. त्या वेळी कोणी त्याला विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तरी त्याने मान हलवली असती.

मग त्यांनी बंदोबस्त केला, आणि काय बंदोबस्त! पाटलाच्या टीव्हीची वायर काढली. एसटीच्या कंडक्टरला सांगून ठेवलं. पोस्टमनला पिंपळगावलाच थांबवलं. शाळेतल्या पोरांना मास्तरांनी दम भरला. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून येणाऱ्या माणसांना वाटेतच गाठायला दोघं जण फाट्यावर बसवले. सगळीकडून कुलूप. पण त्या बैठकीत एकही बाई नव्हती. म्हणून एक गोष्ट त्यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात आली नाही.

बायांना घरोघरी कळलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. संध्याकाळ झाली, आणि एकाही बाईचा हात काडेपेटीकडे गेला नाही. आपल्या गावचं पोर गेलेलं. पेटी येईपर्यंत सगळे दिवस पाळणं जमलं नसतं, पण ऐकल्या दिवसाची सांज तरी? पोरांना सकाळच्या शिळ्या भाकरी दिल्या, आणि चुली थंड ठेवल्या. झुंबरबाईने तर पेटवलेली चूल पाणी मारून विझवली.

केशरबाई त्या वेळी शेतातून परत येत होती. टेकाडावरून गाव दिसतं. रोज तिथून पाहिलं की घराघरावर धूर असायचा. त्या दिवशी एकाही घरावर नव्हता.

ती थांबली. कोणीतरी गेलं होतं. कोण असेल? पहिल्यांदा मनात आली ती सगुणाबाई. म्हातारी दम्याने सहा महिने खाटेला लागलेली. मग तिला फौज आठवली, डोंगर आठवला, आणि लगेच हेही आठवलं, की आपल्या घरचं असतं तर आपल्याला पहिलं सांगितलं असतं. तिने तिथूनच रेणुकाईच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. आई, माझ्या घरचं न्हाई, तुझे उपकार. आणि मग तिची तिलाच लाज वाटली. कोणाच्या तरी घरात रडारड चालली असेल, आणि आपण हात जोडून राह्यलो. म्हणून ती भराभर उतरली. घरी मच्छिंद्र नव्हता. तिने हातपाय धुतले, आणि चूल पेटवली.

साऱ्या गावाने तो धूर पाहिला. सगळ्या गावावर एकच धूर, आणि तोही कोणाच्या घरावर! सर्जेरावाच्या ओट्यावर बसलेल्या माणसांनी आधी त्या धुराकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. एवढ्या मोठ्या बंदोबस्ताला कुठे भोक पडलं ते त्यांना तेव्हा कळलं. पण उठून जाऊन तिच्या हातातलं पीठ काढून घ्यायची छाती एकालाही झाली नाही. मच्छिंद्र तर उठला आणि परत बसला.

तिने जीव ओतून भाकरी केल्या. पातळ, मोठ्या, पापुद्रा सुटलेल्या. त्या घरात लहान लेकरं असतील, म्हणून पिठल्यात मिरची कमी घातली. टोपल्यात भाकरी रचल्या, पिठल्याची पितळी वर ठेवली, धुतलेल्या फडक्याने झाकलं, आणि ती बाहेर पडली.

झुंबरबाई दारातच उभी होती.

"झुंबरे, कोणाकडं झालं गं? हे जरा हात लाव, डोईवर घेते."

झुंबरबाईचे हात पुढे आले आणि टोपल्यापासून वीतभर अंतरावर थांबले. तिने ते मागे घेऊन पदराला पुसले. "मला... मला न्हाई बा ठावं," ती म्हणाली, आणि आत गेली.

केशरबाईला वाटलं, हिचं अजून कोंबडीचंच चाललंय. मरणाच्या दिवशी तरी? तिने टोपलं आपलं आपणच डोक्यावर घेतलं आणि सरळ सगुणाबाईचं घर गाठलं. तर सगुणाबाई दारात खाटेवर बसून खोकत होती.

"म्हातारे, तू हायेस व्हय!" केशरबाईला हसूच आलं. "मी म्हणलं तुझीच पाळी."

सगुणाबाईने तिच्याकडे पाहिलं, आणि म्हातारीला रडू फुटलं. "मीच जायला पायजे होतं गं. मीच जायला पायजे होतं. माझं मेलीचं काय राह्यलंय."

"झालं तुझं सुरू. हे घे, भाकरी खा कोरभर. तुझ्या घरात बी चूल न्हाई." सगुणाबाईला तिच्या भाकरीचं वेड. आजपर्यंत कोणाच्या मयताला गेली की मागून मागून खायची. पण तिने तोंड फिरवलं, आणि पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली.

केशरबाईने टोपलं परत डोक्यावर घेतलं. गल्लीत ती पुढे निघाली, तशी दारं एकेक करून लोटली जात होती. दाराच्या फटीतून बाया बघत होत्या. आजवर हे टोपलं ज्या घरी जायचं, तिथे कोणीतरी दोन्ही हातांनी उतरून घ्यायचं. आज त्याला कोणी शिवेना. आणि रडण्याचा आवाज कुठूनच नव्हता.

सर्जेरावाच्या ओट्यावरची माणसं आता पारावर येऊन बसली होती. ती आल्यावर सगळी उठून उभी राहिली. तिला पाहून गावातलं कुत्रंही कधी उठलं नव्हतं. सर्जेराव म्हणाला, "वैनी, घरी चला."

"घरी काय हाय? हे कोणाकडं न्यायचं ते सांगा. गार होऊन राह्यलं."

सर्जेराव एक पाऊल मागे सरला.

"अरे, वाचा गेली का तुमची? मरण काय लपवायची चीज हाय? कोणाचं घर उपाशी ठेवून राह्यले तुम्ही? त्या घरात लेकरं असतील, त्यांनी काय पीठ कालवून खायचं?" तिचा आवाज चढला, आणि माणसं खाली बघत राहिली. त्या शिव्या त्यांना लागत होत्या तशा आयुष्यात कधी लागल्या नव्हत्या. मच्छिंद्र पारामागे होता. तो तिला दिसला नाही.

मग एकच वस्ती राहिली, गावाच्या कडेची, बौद्धवाडा. तिथे चांगुणाबाई अंगणात उभी होती. तिचा नवरा गेला तेव्हा केशरबाई टोपलं घेऊन गेली होती, आणि गावातल्या काही जणांनी त्यावरून नाकं मुरडली होती. केशरबाईने त्यांची नाकं ठिकाणावर आणून दिली होती. चांगुणाबाईचा मुलगा वसंताच्या वर्गातला.

चांगुणाबाईने तिला येताना पाहिलं, आणि तिला गलबलून आलं. तिला वाटलं, हिला कळलंय. कळून हिचं भान सुटलंय, आणि आपल्याच घरचं अन्न घेऊन ही दारोदार फिरतेय, आणि सुतकाचं म्हणून कोणी घेत नाही. ती पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी टोपलं धरलं.

"द्या, आक्का. आम्ही सुतक पाळत न्हाई. मी घेते."

केशरबाईने टोपलं सोडलं नाही.

"सुतक?" ती म्हणाली. "कोणाचं सुतक?"

चांगुणाबाईच्या तोंडाचा रंग उडाला. टोपल्याच्या एका बाजूला तिचे हात, दुसऱ्या बाजूला केशरबाईचे. दोघींपैकी कोणीच सोडेना.

मरणाच्या रिती केशरबाईइतक्या खडकवाडीत कोणालाच ठाऊक नव्हत्या. सुतकाच्या घरचं अन्न कोणी शिवत नाही. झुंबरबाईचे थांबलेले हात. तोंड फिरवणारी म्हातारी. मीच जायला पाहिजे होतं. उभी राहिलेली माणसं. अन्न कोणाच्या घरचं? तिने टोपल्याकडे पाहिलं. फडकं तिचं, पितळी तिची, पितळीवर लग्नातलं नाव कोरलेलं.

ती मागे वळली. मच्छिंद्र काही अंतरावर उभा होता. पारापासून तो मागोमाग आला होता. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"वसंताच्या माय," तो म्हणाला. पुढचं ऐकायची तिला गरज नव्हती.

ती किंचाळली नाही, पडली नाही. ती जीव देईल अशी जी भीती गावाने धरली होती, तसलं काही झालं नाही. ती अंगणात खाली बसली, आणि फडकं उचलून भाकरी बघू लागली. एकावर एक नीट बसवू लागली. "मिरची कमी घातली," ती म्हणाली. "मला वाटलं लेकरं असतील." मग थोड्या वेळाने, "मी हात जोडले. टेकाडावर हात जोडले मी." चांगुणाबाईने तिला मिठीत धरलं होतं, पण ती काही त्या मिठीत नव्हती. तिचं अंग गार पडलं होतं, आणि डोळे कोरडे.

पेटी आली. गाड्या आल्या, फुलं आली, बंदुका वाजल्या. खडकवाडीने कधी पाहिली नव्हती एवढी माणसं आली. पेटीच्या काचेतून तिला वसंताचा चेहरा दाखवला. त्याच्या विरळ मिशीवरून तिने काचेवरूनच बोट फिरवलं. रडली नाही. लोक म्हणाले, केवढ्या धीराची माता. धीर कसला? बाई हबकली होती. धीर आणि हबकणं लांबून सारखंच दिसतं, आणि गर्दी नेहमी लांबूनच बघते.

माणसं स्मशानातून परतली. संध्याकाळी तिच्या ओसरीवर टोपली यायला लागली. रीत एका घराची होती, पण त्या दिवशी गावात रीत कोणी विचारली नाही. घराघरावर धूर होता, आणि प्रत्येक घरचं टोपलं तिच्या दारात. पाय ठेवायला जागा राहिली नाही. वसंताने विचारलं होतं, भाकरी कोण आणेल. ती भिंतीला टेकून त्या टोपल्यांकडे बघत होती, आणि तोंड उघडायला तयार नव्हती.

शेवटी झुंबरबाई तिच्यापुढे येऊन बसली. तिने तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या ओठांना लावला. "केशरे," ती म्हणाली, "आधी घास, मंग रडणं."

केशरबाईने तो घास गिळला. आणि मग जे रडू आलं, ते वरच्या आळीपर्यंत ऐकू गेलं.

पुढे शाळेच्या फाटकावर वसंताचं नाव लागलं. दर जुलैत तिथे जीप येते, शाल-नारळ होतो. कोणीतरी केशरबाईला दोन शब्द बोलायला सांगतं. सबंध गावाला बोलून दमवणारी बाई माइकपुढे एक शब्द बोलत नाही. नमस्कार करते आणि खाली बसते. वर्षभर ती भांडलीही नाही. गाव अगदी सुनं सुनं वाटायचं. दुसऱ्या वर्षी झुंबरबाईच्या शेळीने वालात तोंड घातलं, आणि केशरबाईने भिंतीवरून जी तोफ डागली, ती ऐकून झुंबरबाई शेळीला धरून ढसाढसा रडली. बरं वाटलं तिला.

त्याच्याही आधी, वसंता गेला त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास, सगुणाबाई गेली. चुली बंद झाल्या. संध्याकाळी सगळं गाव केशरबाईच्या घराकडे बघत होतं. कोणी तिला काही म्हणणार नव्हतं, आणि दुसरं कोणी चूल पेटवायलाही धजत नव्हतं. अंधार पडायच्या आत तिच्या घरावर धूर दिसला.

ती टोपलं घेऊन आली. सगुणाबाईचा थोरला मुलगा ते उतरून घ्यायला दोन्ही हात पुढे करून उठला. पण ती उंबऱ्याबाहेरच थांबली. टोपलं डोक्यावरच होतं.

"घरातल्या समद्यांना सांगितलं का?" तिने विचारलं.

"व्हय, काकू."

"लेकीला? ती सासरी हाय ना. तिला?"

"तिला बी कळवलं. निघाली ती."

"लपवून तर कोणापासून ठेवलं न्हाई?"

"न्हाई काकू. कोणापासून न्हाई."

आजतागायत तिचा हाच नेम आहे. भाकरी ती आधीसारखीच करते, पण उंबरा ओलांडायच्या आधी हे तीन प्रश्न विचारते, आणि गावही आता उत्तर तयार ठेवतं.

त्या दिवशी तिने सगुणाबाईच्या मुलाच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, आणि मग टोपलं खाली दिलं.